पाहुणीबाईंचा तास

शाळा वाचवायची असेल तर एक परदेशी माणूस हवा, असा शोध हेडबाईंना लागला. हा माणूस उतरणार कोणाच्या घरी, असा प्रश्न त्यांनी स्टाफरूममध्ये टाकला, तेव्हा बाकीच्या सगळ्या शिक्षकांना एकाच वेळी आपापल्या वह्यांत काहीतरी महत्त्वाचं सापडलं. भूगोलाचे सर तेवढे मान वर करून घड्याळाकडे बघत होते, कारण त्यांच्या तासाची वेळ झाली होती. मान वर असलेला माणूस तयार आहे, असं हेडबाई धरून चालतात. अशी बरीच कामं आजवर सरांच्या गळ्यात पडली होती. जनगणना पडली होती, स्नेहसंमेलनाचा पडदा पडला होता, पाण्याच्या टाकीत मेलेलं मांजरही त्यांनीच काढलं होतं.

शाळेचं दुखणं साधं होतं. पट घसरला होता. पट ठरलेल्या आकड्याखाली गेला की शाळा बंद, मुलं हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत आणि शिक्षक 'अतिरिक्त', असा शिक्षण खात्याचा नियम. अतिरिक्त हा शब्द सरांना फार लागला होता. माणसानं जन्मभर जगाचा नकाशा शिकवावा आणि शेवटी त्या नकाशात आपल्यालाच जागा नाही असं कळावं, हा काय न्याय झाला? पण नियमाला एक पळवाट होती. शाळेत एखादा 'विशेष उपक्रम' चालू असेल तर अधिकारी येऊन बघणार, आणि त्यांना पटलं तर शाळेला जीवदान. देशोदेशीचे स्वयंसेवक शाळांमध्ये पाठवणारी एक संस्था हेडबाईंनी शोधून काढली होती. ते येतात, वर्गात आपली संस्कृती सांगतात, मुलं टाळ्या वाजवतात, फोटो निघतात. एवढ्यावर एखादी शाळा जगत असेल तर फोटोला उभं राहायला कोणाची ना आहे?

शाळा बंद होण्याबद्दल मुलांच्या कानावर अवाक्षर जाता कामा नये, असंही त्याच बैठकीत ठरलं. ती जबाबदारीही सरांवर पडली, कारण मान खाली घालायला ते पुन्हा विसरले होते.

घरी बातमी सांगितल्यावर बायको म्हणाली, "परदेशी माणूस? अहो, आपल्याला आपलेच नातेवाईक झेपत नाहीत."

"शाळेचा प्रश्न आहे," सर म्हणाले.

"शाळेचा प्रश्न शाळेत का नाही उतरत? आपल्या पुढच्या खोलीत कशाला?"

तेवढ्यात वरचे काका खाली आले. वरचे काका म्हणजे वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क. त्यांचा साडू एकदा परदेशी जाऊन आला होता, त्यामुळे परदेश हा विषय इमारतीत काकांच्या मालकीचा समजला जाई. काकांनी पुढची खोली बघितली, पलंग मोजला, आणि मग संडासाचं दार उघडून बराच वेळ आत बघत उभे राहिले.

"हे चालायचं नाही," ते म्हणाले. "त्या लोकांचे गुडघे वाकत नाहीत."

"कोणाचेच?"

"लहानपणापासून खुर्चीवर बसलेले लोक ते. खाली बसवलंत तर उठवायला माणसं बोलवावी लागतील. साडू सांगतो ना. कमोड बसवा."

कमोड बसवायला आलेल्या प्लंबरनं आधी जुनं भांडं फोडलं, मग फरशी फोडली, मग फोडायचा नसलेला एक पाइप फोडला, आणि मग त्याच्या मेहुण्याचं लग्न निघालं. तो परत येईपर्यंत सर आणि त्यांची बायको रोज सकाळी बादली घेऊन वर काकांकडे जात. ती बादली घेऊन जिना चढताना सरांना आपल्या हुद्द्याचा, वयाचा आणि शिकवलेल्या सर्व खंडांचा विसर पडे. काका दाराबाहेर उभे राहून सल्ला देणं चालूच ठेवत. आत बसलेल्या माणसाला अशा वेळी हो म्हणणंही अवघड आणि नाही म्हणणंही अवघड.

पोलीस ठाण्यात परदेशी पाहुण्याची नोंद करायची असते, असंही काकांनीच सांगितलं. सर गेले. टेबलामागच्या हवालदारानं विचारलं, "पाहुणा कुठाय?"

"अजून यायचाय."

"मग नोंद कसली करू? आल्यावर या."

"आल्यावर उशीर झाला म्हणाल."

"आल्यावर उशीरच होतो," हवालदार शांतपणे म्हणाला. "त्याचा दंड वेगळ्या खिडकीवर."

शिक्षण कार्यालयातला कारकून त्यामानानं सज्जन निघाला. त्यानं फक्त संस्कृती कोणत्या प्रकारची, एवढंच विचारलं. गायन, नृत्य की हस्तकला? सर म्हणाले, अजून माणूसच माहीत नाही. "मग गायन-नृत्य लिहितो," कारकून म्हणाला, "ते कोणालाही येतं." सरांना गाताही येत नव्हतं आणि नाचताही, पण त्यांनी मान डोलावली.

पाहुण्याला आणायला सर बायकोला घेऊन बस स्टँडवर गेले. गिटार पाठीला लावलेला कोणी उंच तरुण उतरेल, अशी त्यांची खात्री होती. बस रिकामी झाली. तसा कोणी उतरला नाही. स्टँडवर राहिली ती साठीच्या पुढची एक लहानखुरी बाई. राखाडी स्वेटर घातलेली. ती आपली पिशवी शेजारी ठेवून खांबाला टेकून चक्क उकिडवी बसली होती, गुडघे छातीशी घेऊन, अगदी आरामात.

बायकोनं त्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि मग सरांकडे पाहिलं.

रात्री जेवताना बायकोनं सरांकरवी पाहुणीबाईंना विचारलं की तिकडे त्या काय काम करतात. पाहुणीबाईंनी हातातला घास खाली ठेवून सावकाश, मोडक्या इंग्रजीत सांगितलं. सर म्हणाले, "आरोग्य खात्यात आहेत."

"मग तुमचा चेहरा असा का झाला?"

सरांना सांगावंच लागलं. थंड मुलखातल्या एका लहान गावात या बाई राहायच्या. गावातलं माणूस गेलं की त्याला आंघोळ घालायची, केस विंचरायचे, चांगले कपडे घालून नीट निजवायचं, हे त्यांचं काम. त्यांची आईही तेच करायची आणि आजीही. बायकोनं पाहुणीबाईंना न विचारता वाढलं आणि म्हणाली, "हात चालवणारी बाई आहे. बरं झालं. तुम्ही आणायला निघाला होतात गिटारवाला." त्या दिवसापासून दोघींचं जे जमलं ते शेवटपर्यंत. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. सरांच्या मते जमण्याचं कारण तेच होतं.

पण वर्गात काय करायचं? शाळेत जाताना सरांनी रस्त्यातच विचारून घेतलं. गाणं येतं? नाही. निदान नाच? पाहुणीबाई म्हणाल्या, "आमच्या गावात नाचतात, पण मला बोलावत नाहीत." संस्थेनं त्यांना सांगितलं होतं की तुम्हाला जे सगळ्यात चांगलं येतं ते मुलांना द्या. त्यांना एकच गोष्ट येत होती.

वर्गात गेल्यावर त्यांनी फळ्यावर एक पलंग काढला. पलंगावर माणूस काढला, भोवती माणसं काढली. मग त्या बोलू लागल्या आणि भाषांतराला उभ्या असलेल्या सरांना घाम फुटला. दारात हेडबाई उभ्या होत्या, चेहऱ्यावर कौतुक घेऊन.

"हा माणूस," सर म्हणाले, "प्रवासाला निघालाय."

"मग झोपलाय का?" एकानं विचारलं.

"लांबचा प्रवास आहे. आधी विश्रांती घेतोय."

पाहुणीबाईंनी पुढचं चित्र काढलं. चौघांनी त्या माणसाला खांद्यावर उचललं होतं.

"सर, प्रवासाला निघालेल्याला उचललंय कशाला?"

"पाय दुखतात त्याचे."

"पाय दुखतात तर एवढ्या लांब निघतोच कशाला?"

सगळा वर्ग सरांकडे बघत होता. पाहुणीबाईंनी आधी मुलांकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि खडू ठेवून दिला. त्या सरळ टेबलावर चढल्या, आडव्या झाल्या, हात छातीवर घेतले आणि डोळे मिटले. वर्गाला सगळं कळलं. वरच्या काकांची नात पहिल्या बाकावर बसायची. ती म्हणाली, "मेलाय होय. मग तसं सांगा ना, सर."

"मेला नाहीये," सर हरल्या आवाजात म्हणाले. "मरणार आहे." आणि मग त्यांनी पाहुणीबाई सांगत होत्या ते जसंच्या तसं सांगून टाकलं. त्यांच्या गावात माणूस आता जगत नाही असं कळलं की सगळे त्याच्याभोवती जमतात. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल आपण जे बोलतो ते तिथं तो जायच्या आधी बोलतात, म्हणजे त्याला ऐकू येतं. प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची. चांगली असो, वाईट असो, खरी हवी. निजलेल्या माणसाशी खोटं बोलायचं नाही, त्याला कळतं. मग सगळे मिळून त्याचं अंग पुसतात, कारण कोणी मळकं जाऊ नये.

"आणि बरा झाला तर?" काकांच्या नातीनं विचारलं.

पाहुणीबाई हसल्या. "तर त्याला गावात राहणं जड जातं," त्या म्हणाल्या.

हेडबाईंच्या चेहऱ्यावरचं कौतुक एव्हाना गेलं होतं.

पुढचे काही दिवस शाळेत जे झालं त्याला उपक्रम म्हणावं की साथ, हे सरांना ठरवता आलं नाही. मुलांनी आधी केस झडलेल्या डस्टरचा निरोप घेतला. मग फाटलेल्या फुटबॉलचा. मधल्या सुट्टीत दंगा बंद झाला आणि जिकडेतिकडे गोल करून उभी राहिलेली, गंभीर चेहऱ्याची मुलं दिसू लागली. इथवर ठीक होतं. पण संस्कृती शाळेच्या फाटकाशी थांबत नाही. ती घरोघर पोचली. तपकिरीची शिंक आलेला, कंबर धरलेला, नुसता आडवा पडलेला कोणीही म्हातारा माणूस सुरक्षित राहिला नाही.

वरच्या काकांना सर्दी झाली होती. ते पांघरूण घेऊन पडले होते. डोळे उघडले तर उशापायथ्याशी नात आणि तिच्या वर्गातल्या मैत्रिणी.

"आजोबा," नात म्हणाली, "तुम्ही आईला सगळ्यांसमोर बोलता. ती मग मोरीत जाऊन रडते."

बाकीच्या मैत्रिणींनी ओल्या फडक्यानं त्यांचे पाय पुसले.

काका त्या तिरमिरीत बरे झाले आणि तडक खाली आले. सरांना वाटलं, आता इमारत डोक्यावर घेतील. काका दारातच उभे राहिले. "पाहुण्यांना कमोड सोयीचा पडतो ना?" एवढंच विचारून ते वर गेले. त्यानंतर त्यांनी इमारतीत कोणालाही सल्ला दिला नाही, आणि ते बघून सरांना का कोण जाणे, त्यांची दया आली.

बाकीचे पालक मात्र शाळेत आले. हेडबाईंनी सरांना बोलावून घेतलं. "मी संस्कृती मागितली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही हे काय आणलंत? परवा साहेब येतायत तपासणीला. त्यांच्यासमोर मुलं नाचतील. रिबिनी घेऊन. पीटीच्या बाई बसवतायत."

"कोणत्या देशाचा नाच?"

"साहेब विचारणार नाहीत. आणि तुमच्या पाहुणीबाई मध्ये उभ्या राहून हसतील. तेवढं तरी येतं ना त्यांना?" मग हेडबाईंचा आवाज खाली आला. "सर, मी इथं पहिल्या दिवसापासून आहे. या भिंतींना पाणी मारलेलं मी बघितलंय. माझ्या हातानं कुलूप नका लावायला लावू."

सर घरी आले ते मान खाली घालून. शाळा आता त्या रिबिनींवर लटकली होती, आणि रिबिनी सांभाळायची जबाबदारी त्यांच्यावर होती. पाहुणीबाईंना त्यांनी सांगितलं की परवा फक्त हसायचं. त्यांनी विचारलं, "कोण आजारी आहे?" सर म्हणाले, कोणी नाही. पाहुणीबाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्यांचा धंदाच तो होता, त्यांना चेहरे वाचता येत असणार.

तपासणीच्या दिवशी साहेब वेळेवर आले, हीच पहिली अशुभ गोष्ट. थकलेले, जाडसर, कपाळाचा घाम सारखा पुसणारे गृहस्थ. त्यांना वर्गात मागच्या बाजूला खुर्ची दिली. मांडीवर फाइल. हेडबाईंनी प्रास्ताविक केलं, पीटीच्या बाईंनी मोबाइलवर गाणं लावलं, आणि मुलांनी, सगळ्या वर्गानं मिळून, बाकं ओढून भिंतीला लावली. नाचाला जागा करतायत असं हेडबाईंना वाटलं. रिबिनी बाकांवरच राहिल्या. मुलं भिंतीला पाठ लावून, चारी बाजूंनी, मधली फरशी मोकळी सोडून उभी राहिली. कोणीतरी मोबाइल बंद केला.

"तुझं छप्पर गळतं," पहिला मुलगा मोकळ्या फरशीकडे बघून म्हणाला. "पण आमच्या घरापेक्षा कमी."

मुलं कोणाशी बोलतायत, ते सरांना सगळ्यांच्या आधी कळलं.

"मला इथं वाचता यायला लागलं," दुसरी म्हणाली. "घरी कोणालाच येत नाही. सगळ्यांची औषधं मीच वाचते."

"तुझ्या संडासाला कडी नाही," तिसरी शेजारच्या मुलीचा हात धरून म्हणाली. "मी आत गेले की ही बाहेर उभी राहते. तिकडे आम्हाला वेगळ्या वर्गांत टाकतील."

"मला तू आवडत नाहीस," एक मोठा मुलगा म्हणाला. "पण इथं असेपर्यंत बाबा मला गॅरेजवर बसवत नाहीत."

"हायवे ओलांडायची मला भीती वाटते. माझा भाऊ तिथंच गेला."

साहेबांनी घाम पुसायचं थांबवलं. "हे काय चाललंय?" ते हेडबाईंना म्हणाले. "शाळा बंद होणार हे मुलांना कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही," हेडबाई म्हणाल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "सर?"

"मी नाही सांगितलं," सर म्हणाले. "मी उलटंच सांगत होतो."

"हो," काकांची नात म्हणाली. "सर म्हणाले, शाळा बंद होणार नाही. मग परत म्हणाले. मग जाताना तिसऱ्यांदा म्हणाले. तेव्हाच कळलं."

वर्गात कोणी हसलं नाही. सरांना भिंतीत शिरावंसं वाटलं, पण भिंतीला सगळीकडे मुलं होती. बोलायची पाळी फिरत फिरत खुर्चीपाशी आली. मुलं साहेबांकडे बघत उभी राहिली. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं.

"मी?"

"जो खोलीत असेल त्यानं बोलायचं," नात म्हणाली. "एकच. पण खरं."

साहेबांनी फाइल उघडली आणि मिटली. सर त्यांच्याकडे डोळे लावून होते. फोडलेली फरशी, बादली, पोलीस ठाण्यातला दंड, कशाचंच काही वाटलं नसतं, साहेब या क्षणी एक वाक्य बरं बोलले असते तर.

"सही मागच्या महिन्यातच झालीय," साहेब म्हणाले. "बघून निर्णय घेतला असं कागदावर यायला हवं. म्हणून आलो."

हेडबाई जवळच्या बाकावर बसल्या. त्या रडत होत्या आणि ते लपवत नव्हत्या. सरांना आधी राग आला. एवढा राग त्यांना आयुष्यात आला नव्हता. आपण महिनाभर एका मेलेल्या माणसाला औषध पाजत होतो, आणि हे लोक बघत होते. पण तो राग कोणावर काढणार? साहेब स्वतःच शिक्षा झाल्यासारखे बसले होते. आणि मुलं आता सरांकडे बघत होती.

सरांच्या डोक्यात एक भाषण होतं. भाषण नेहमीच असतं. ज्ञानमंदिर, ऋण, वगैरे. त्यांनी घसा साफ केला. समोर मोकळी फरशी होती, आणि तिच्याशी खोटं बोलायला त्यांची जीभ रेटेना.

"मला दुसरीकडे कुठे शिकवता येईल असं वाटत नाही," ते म्हणाले. "मला भीती वाटते."

हे आपण खरंच मोठ्यानं बोललो, हे त्यांना मागाहून कळलं. आकाश कोसळलं नाही. हायवेची भीती वाटणारी मुलगी त्यांच्या बाजूला उभी होती, ती त्यांना जागा द्यायला थोडी सरकली.

पाहुणीबाईंना यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. त्यांना विचारायचीही गरज पडली नाही. त्यांनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या, बाहेर जाऊन बादली भरून आणली आणि फडकं पिळून फळ्याखालच्या कोपऱ्यापासून फरशी पुसायला सुरुवात केली. मुलं धावली. कोणी खिडक्या घेतल्या, कोणी बाकं. हेडबाई उठल्या आणि डोळे पुसून दारामागची जळमटं काढायला लागल्या. कोणी कोणाला काम सांगत नव्हतं. पुसत पुसत मुलं खुर्चीपाशी पोचली, तेव्हा साहेबांनी फाइल छातीशी धरून दोन्ही पाय वर घेतले आणि खालची जागा पुसून होईपर्यंत तसेच अधांतरी बसून राहिले.

जाताना त्यांनी बूट काढून हातात घेतले. ओल्या फरशीवरून ते कडेकडेनं, आवाज न करता, मोज्यांनी बाहेर गेले. कोणाचा निरोप घ्यायचा हे त्यांना सुचलं नाही. त्यांच्यामागे उमटलेले ठसे सरांनी गुडघ्यावर बसून पुसून काढले.

काकांची नात शेजारीच फडकं पिळत होती. तिनं वर न बघता विचारलं, "सर, उद्या शाळा आहे?"

"आहे," सर म्हणाले.

एकदाच म्हणाले.